चर्च चारशे वर्षांचं, सिमितेर दीडशे वर्षांचं... मग मधली माणसं पुरली कुठे?

खाजनकाठ
नमस्कार मंडळी. वाचनमात्र म्हणून इथे सात-आठ वर्षं काढली, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर बारदेशात, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मागच्या गडग्यापलीकडे चर्च. आम्ही हिंदू, पण बालपण सगळं चर्चच्या आवारात गेलं, क्रिकेट तिथेच, फेस्ताचं खाजं तिथेच, आणि बॉल सिमितेरमध्ये पडला की "तू जा, मी नाय" तेही तिथेच. (सिमितेर म्हणजे ख्रिस्ती दफनभूमी, घाटावरच्यांसाठी सांगितलं.) चिऱ्याची भिंत, दोन म्हातारे चाफे, गेटवर कवटी आणि खाली फुली मारल्यासारखी दोन हाडं. त्याखाली साल आहे. म्हणजे १८ एवढं दिसतं, पुढचे दोन आकडे दरवर्षीच्या चुन्याखाली गडप झालेत, लहानपणी नख लावून बघितलंय, चुना बोटभर जाड आहे.

आता मुद्दा. सिमितेरचं काम निघालंय, आत पेव्हर बसवणार, भिंतीला प्लास्टर. त्यावरून मनात आलं की चर्च सोळाव्या शतकाच्या शेवटचं म्हणतात सगळे, आणि सिमितेर १८ अमुक. मग मधली अडीचशे-तीनशे वर्षं गावातले ख्रिस्ती लोक मेलेच नाहीत काय? त्यांना पुरलं कुठे?

आणि दुसरं. आमच्या विहिरीपाशी एक काळा दगड आहे, साधारण पलंगाच्या अर्ध्या आकाराचा. आजी त्यावर कपडे आपटायची, आई पण काही वर्षं. त्यावर अक्षरं आहेत. आजोबा म्हणायचे फिरंग्याच्या खजिन्याचा नकाशा आहे. चिऱ्याच्या मुलखात असा काळा दगड दुसरा नाही आमच्या वाड्यावर. कोणाला काय माहिती असेल तर लिहा.

तिसऱ्यांची_आमटी
कवटी + दोन हाडं + खजिन्याचा नकाशा. धागाकर्त्या, उद्या सकाळी विहिरीपाशी कुदळ घेऊन हजर होतोय, अर्धे-अर्धे.
(जागा पकडली. भाजलेले काजू घेऊन बसलोय.)

सासष्टीकार
कवटीचं आधी सांगतो नाहीतर हा माणूस खरंच कुदळ आणेल. ती चाच्यांची नाही रे बाबा. माती झाली की आपलं उरतं ते एवढंच, ही आठवण द्यायला ती बसवतात, आमच्या गावच्या सिमितेरच्या दारावर पण आहे. लहान असताना माय मला हात धरून न्यायची आणि मी तिथे डोळे मिटून घ्यायचो.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या पायाखालीच आहे. क्रिकेट कुठे खेळायचास? चर्चच्या आवारात ना? मग त्यांच्यावरच खेळायचास. आणि आवारात नाहीत ते चर्चच्या आत, फरशीखाली. पूर्वी सगळेच चर्चमध्ये नाहीतर चर्चला लागून पुरायचे, वेगळं सिमितेर ही मागाहूनची गोष्ट. आल्तारच्या (मुख्य वेदीच्या) जितके जवळ तितका मान जास्त. पाद्री, मोठे भाटकार (जमीनदार) आल्तारपाशी, मग कंफ्रारियाचे लोक, मग बाकीचे दाराकडे सरकत सरकत, आणि गरीब बाहेर उघड्यावर.

कंफ्रारिया म्हणजे चर्चमधला बंधुसंघ, अजून आहेत, प्रोसेशनला लाल-निळे झगे घालून चालतात ते. मेंबर असलास की मरणाला सगळे झगे घालून येतात, मिसा (चर्चमधली प्रार्थना) म्हणतात, फोंडाची म्हणजे पुरायच्या खड्ड्याची सोय होते. त्यातही वरच्या जातीची वेगळी, खालच्यांची वेगळी. खोटं कशाला बोलू, मेल्यावरही जात सुटली नाही आमच्यात.

माडावरचो
चर्चच्या आत? लोक बसतात तिथे खाली?? मग वास नाही यायचा?

सासष्टीकार
यायचा असणारच. म्हणून तर बंद केलं ना शेवटी.

जुनीपानं
चांगला धागा. वासाच्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण तोच सगळ्याचं मूळ आहे.

जमिनीत एक खण, वर दगडी नाहीतर लाकडी झाकण, तोच खण पुन्हा पुन्हा उघडायचा. घरातला पुढचा माणूस गेला की आधीच्याची हाडं बाजूला सारून नवा आत. साथीच्या वर्षी खण थंड व्हायच्या आतच पुन्हा उघडावा लागत असेल, तेव्हा रविवारच्या मिसाला काय अवस्था होत असेल ते तुम्हीच ठरवा. सप्टेंबर १८३५ मध्ये लिस्बनने हुकूम काढला की सगळीकडे वस्तीबाहेर सार्वजनिक दफनभूमी बांधायची आणि चर्चमध्ये पुरणं थांबवायचं. कारण दिलं ते आरोग्याचं.

गंमत म्हणजे खुद्द पोर्तुगालमध्ये लोकांना हे अजिबात पटलं नाही. चर्चची पवित्र जमीन सोडून आमच्या माणसाला कुत्र्यासारखं उघड्या माळावर पुरायचं काय, असं त्यांचं म्हणणं. पुढे कायदा आणखी कडक केला तेव्हा १८४६ साली उत्तरेकडे मिन्हो प्रांतात गावच्या बायकांनी प्रेत हिसकावून चर्चमध्ये नेऊन पुरलं, त्यातून उठाव पेटला. करांचा रागही त्यात होताच. मारिया दा फोंते या नावाने तो उठाव ओळखला जातो, आणि त्यात कॉश्ता काब्रालचं सरकार पडलं. मढं कुठे पुरायचं यावरून सरकार पडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

म्हणून गोव्यात गेटांवर जी सालं दिसतात त्यातली बरीच एकोणिसाव्या शतकातली. तुमचं १८ अमुक त्यातच बसतं.

तिसऱ्यांची_आमटी
त्या दोन आकड्यांवर पैज लावूया. माझे ७२ वर एक किलो तिसऱ्या (शिंपल्यांतली मासळी हो).

निवांत_पर्वरी
वाचनखूण साठवली. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये गेलात तर फरशीकडे बघा, सगळे वर सोनेरी आल्तारकडे बघत फोटो काढतात आणि पायाखाली सगळे थडग्यांचे दगड, ढाली-मुकुटांची चिन्हं कोरलेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चप्पल काढू की नको कळेना, शेवटी कडेकडेने चालले, गार्ड हसत होता.

जुनीपानं
आणि रोझरीच्या चर्चमध्ये, जुन्या गोव्याच्या टेकडीवर, भिंतीत काटारीना आ पिरो हिचं संगमरवरी थडगं आहे, गव्हर्नर गार्सिया द सा याची बायको. त्यावरची नक्षी बघा, चक्क गुजराती वळणाची. हा गव्हर्नर १५४९ ला वारला, तोही तिथेच आहे. रेइश मागुशच्या चर्चमध्ये व्हाइसरॉय दों लुईश द आताइद. अशी मोठी माणसं आतच पुरायची रीत होती.

आफोन्सो द आल्बुकेर्कचीच गोष्ट घ्या. १५१५ च्या डिसेंबरात गोव्याच्या बंदरात जहाजावर वारला, त्याला गोव्यातल्याच त्याने बांधलेल्या चॅपेलात पुरलं. पुढच्या गव्हर्नरांचा जाच झाला की हिंदू-मुसलमान त्याच्या थडग्याशी जाऊन गाऱ्हाणं घालायचे असं लिहून ठेवलंय. १५६६ मध्ये हाडं लिस्बनला नेली.

भुईमूग_शेंगा
गाऱ्हाणं घालायचे!! म्हणजे ज्याने शहर जिंकताना कत्तल केली त्याच्याकडेच. आमचा स्वभाव तेव्हापासून असाच म्हणायचा.

परशुराम_भूमी
एवढी सगळी चर्चा झाली पण कोणी बोलत नाही की ते चर्च मुळात कशावर उभं आहे. धागाकर्त्याचा काळा दगड देवळाचा असणार. तिसवाडीत १५४० च्या सुमाराला देवळं पाडली, नंतर बारदेश-सासष्टीत. पाडलेल्या देवळांचे दगड चर्चला वापरले हे पुराव्यानिशी सिद्ध आहे. उलटून बघा खालून, नक्षी सापडेल.

सासष्टीकार
देवळं पाडली हे कोण नाकारतंय? मी नाही नाकारत. पण प्रत्येक काळा दगड देवळाचा हे पण काही खरं नाही ना रे. आधी अक्षरं कसली आहेत ते तरी कळू दे.

परशुराम_भूमी
मी "असणार" म्हटलंय, "आहे" नाही. पण शक्यता विचारात घ्यायलाच नको असा सूर का?

वेंगुर्ल्याची_मावशी
दोघांनी पाणी प्या बघू. आमचा कुलदेव मंगेश. कुशस्थळीहून प्रियोळला नेला तो त्याच धामधुमीत, १५६० च्या दशकात, खाडी ओलांडून. आमच्या घरात ती गोष्ट अजून काल घडल्यासारखी सांगतात. देव उचलून नेता आले, पण जे बाटले नि तिथेच राहिले ते आमचेच चुलत-मावस ना. त्यांची हाडं त्या फरशीखाली आहेत. म्हणजे वर दगड कोणाचा का असेना, खाली आपलेच.

माडावरचो
मावशी +१००

वसईवाला_पश्चिम
मी वसईचा, ख्रिस्ती, घरात मराठीच. काळा दगड म्हटल्याबरोबर थांबलो. गोव्यात चिरा मिळतो, घडवायला सोपा, पण अक्षर कोरायला कुचकामी, भोकं-भोकं. म्हणून पोर्तुगीज बारीक कामाला आमच्या वसईचा काळा दगड, बेसॉल्ट, जहाजाने गोव्यात न्यायचे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागात चिऱ्याबरोबर तोच दगड आहे. त्यामुळे तुमच्या विहिरीपाशी माझ्या गावचा दगड असण्याची शक्यता भरपूर. नमस्कार सांगा त्याला.

आमच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांचं चर्च आहे, छप्पर गेलंय, पण फरशीवर थडग्यांचे दगड कितीतरी शाबूत आहेत. १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर ते ओस पडलं, म्हणून टाईल बसवायला कोणी उरलं नाही, म्हणून दगड वाचले. ओसाडीचा फायदा.

त्या दगडांवर बहुतेक ठिकाणी सुरुवात सारखीच असते. "सेपुल्तुरा द" अमुक अमुक, म्हणजे अमक्याची कबर. जागा वाचवायला नुसता एस आणि ए, आणि ए वर चढवलेला छोटा. पुढे नाव, मग "ई द सेउश एर्देइरुश", आणि त्याच्या वारसांची. यू च्या जागी व्ही कोरलेला असतो, त्यामुळे वाचताना गोंधळ होतो. नंतरच्या काळातले "आकी जाज" ने सुरू होतात, इथे पहुडला आहे. शेवटी पी एन ए एम अशी चार अक्षरं असली तर तो कोडवर्ड नाही, थांबून एक "आमच्या बापा" आणि एक "नमो मारिया" म्हण, एवढीच विनंती जाणाऱ्या-येणाऱ्याला.

खाजनकाठ
वसईवाले, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, खरंच. आत्ता रात्री साडेनऊला टॉर्च घेऊन जाऊन आलो. वरच्या कोपऱ्यात एस आहे! आणि त्यानंतर ए सारखं काहीतरी, मग डी-ई. मधे काहीच नाही, सपाट. खालच्या ओळीत व्ही दिसतो, एस दिसतो. शेवाळ आहे फार. उद्या तारेचा ब्रश आणि थोडं ॲसिड घेऊन साफ करतो म्हणजे सगळं दिसेल.

वसईवाला_पश्चिम
नको!!!! थांबा. तारेचा ब्रश नाही, ॲसिड तर अजिबात नाही.

निवांत_पर्वरी
अहो ॲसिड नको. नारळाच्या शेंड्या पण नको. साधं पाणी आणि मऊ ब्रश, दात घासायचा जुना चालेल. शेवाळ निघेल तेवढं काढा, बाकी राहू दे. कोणीतरी आता पीठ भुरभुरायला सांगेल, तेही करू नका, पीठ खाचांत बसतं नि बुरशी येते. सगळ्यात सोपं म्हणजे पूर्ण अंधार झाल्यावर मोबाईलची टॉर्च दगडाच्या कडेला टेकवून आडवी मारा, वरून नाही. अक्षरांच्या सावल्या पडतात आणि दिवसा न दिसणारं दिसायला लागतं. टॉर्च चारी बाजूंनी फिरवत प्रत्येक बाजूचा वेगळा फोटो घ्या. मी हे आमच्या गावच्या एका खुरसाच्या (क्रॉसच्या) पायथ्यावर केलंय, हाताला जे लागत नव्हतं ते फोटोत आलं.

तिसऱ्यांची_आमटी
पीठ मी सांगणारच होतो. गप्प बसतो.

घाटावरचा_पाहुणा
मी पुण्याहून. अवांतर विचारतो, पुढच्या महिन्यात गोव्यात येतोय, बीच सोडून अशी थडगी-बिडगी बघण्यासारखी कुठे? बायको आत्ताच म्हणाली "सुट्टीत थडगी?", पण विचारून ठेवतो.

जुनीपानं
दोना पावलाला ब्रिटिशांची दफनभूमी आहे, राजभवनाच्या वाटेवर. लोक गाडीतून पुढे निघून जातात. १७९९ मध्ये फ्रेंच येतील या धास्तीने इंग्रजांनी आपली फौज गोव्यात आणून ठेवली, काबोला, आग्वादला, मुरगावला, आणि १८१३ पर्यंत ती इथेच होती. पोर्तुगीज त्यांचे मित्र, पण सोल्जर प्रोटेस्टंट, कॅथलिक चर्चच्या जमिनीत त्यांना जागा कुठली. मग ही वेगळी. सगळ्यात जुनी कबर १८०८ ची, शेवटची १९१२ ची. म्हणजे फौज गेल्यावरही शंभर वर्षं अधूनमधून कोणीतरी येत राहिलं.

आणि राजभवनाच्या चॅपेलात दोना पावलाचा दगड आहे. जेट्टीवर गाईड सांगतात ती कोळ्याच्या प्रेमात पडून कड्यावरून उडी मारलेली. प्रत्यक्षात ती जाफनाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याची मुलगी, गोव्यातच लग्न झालेली, बऱ्यापैकी दानशूर बाई, १६८२ च्या डिसेंबरात वारली. उडीबिडी काही नाही.

भुईमूग_शेंगा
जुनीपानं, तुम्ही माझं कॉलेजातलं सगळं रोमँटिक आयुष्य एका परिच्छेदात संपवलंत.

निवांत_पर्वरी
पाहुणे, सेंट ऑगस्टिनचा मनोरा पण बघा, जुन्या गोव्यात. १८३५ ला मठ बंद पडले, १८४२ ला छताची कमान कोसळली, १९३१ ला दर्शनी भाग. तिथे जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष सापडले. १६२४ ला इराणात शिराजला तिला हाल करून मारलं, धर्म सोडेना म्हणून. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिची हाडं गोव्यात आणली. जॉर्जियावाले कितीतरी वर्षं येऊन शोधत होते. शेवटी खोदकामात हाड मिळालं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला, आणि २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिकडे जाऊन ते सुपूर्द केलं. माझी मुलगी विचारते, आई त्यांना राणीचं एक हाड परत पाहिजे होतं, मग आपले बाकीचे सगळे कोण शोधणार.

वेंगुर्ल्याची_मावशी
हाडं परत द्यायची पण आणि काढून जाळायची पण. गार्सिया द ओर्ताचं तेच झालं ना? पणजीत ज्याच्या नावाचं गार्डन आहे तो वैद्य. १५६८ ला मेला, नंतर इन्क्विझिशनला, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाला, कळलं की मनातून ज्यूच होता, तर १५८० ला हाडं उकरून काढून जाळली. बारा वर्षांनी! मेल्या माणसालाही सुख नाही.

सासष्टीकार
हाडं निघालीच आहेत तर माझी गोष्ट ऐका, हिला इन्क्विझिशन वगैरे काही नाही.

आमच्या सिमितेरमध्ये कायमचा फोंड पैसे भरून घ्यावा लागतो, भाटकारांकडे असतात. बाकी आम्हा सगळ्यांना भाड्याची जागा. तीनेक वर्षं झाली की नंबर येतो, घरच्यांना बोलावतात, फोंड उघडतात, हाडं काढून पांढऱ्या कापडात बांधायची नि भिंतीतल्या कोनाड्यात, कोनाडा नसेल तर कोपऱ्यातल्या सामायिक खड्ड्यात. म्हणजे चर्चच्या फरशीखाली जे चालायचं तेच, फक्त उघड्यावर.

पापा गेले तेव्हा मी बोटीवर होतो, मरणाला पोचलोच नाही. फोंड उघडायचा नंबर आला तेव्हा मात्र सुट्टीवर. खोदणारा म्हातारा, फेणीचा वास, पण हात एकदम हळू. एकेक हाड काढून चाळणीत ठेवत होता, जसं कोणी मासळी निवडतं. सूट गेला होता, काशांव (शवपेटी) तर पूर्ण गेलं, नुसते खिळे. आणि दोन मोजे. नायलॉनचे, निळे, तसेच्या तसे, आत पायाची छोटी हाडं सगळी सांभाळून ठेवलेली, थैलीत ठेवावी तशी. ते मोजे मी कुवेतहून पाठवलेले. म्हातारा म्हणाला, बाबा, नायलॉन कधी घालू नका, माती कंटाळते. मी तिथेच मातीवर बसून रडलो, तीन वर्षांचं राहिलेलं. ममा म्हणाली, बरं झालं तू पाठवलेले, दुसऱ्या कुठल्या मोज्यांत पायाची बोटं मिळाली नसती.

दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, मेणबत्ती लावायला जातो तेव्हा अजून पाय बघतो स्वतःचे. कॉटनच घालतो आता.

माडावरचो
...

घाटावरचा_पाहुणा
बायकोला वाचून दाखवलं. येतो म्हणाली.

परशुराम_भूमी
सासष्टीकार, नमस्कार घ्या.

चुन्याचा_हात
आमचा बापजाद्यांपासून चुन्याचा धंदा म्हणून लिहितो. फोंडात चुना टाकायचे पूर्वी, मांस लवकर गळून फक्त हाडं उरावीत म्हणून. सेंट झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनजवळच्या बेटावर वारले तेव्हा त्यांच्या पेटीत चुना याच हिशेबाने भरलेला, की नंतर हाडं न्यायला सोपी. उघडलं तर शरीर ताजं. मलाक्काला पुन्हा पुरलं, पुन्हा तसंच, मग १५५४ ला गोव्यात आणलं. बाकी चमत्कार की काय ते तुम्ही बघा, मी चुन्याचं तेवढं सांगतो.

धागाकर्त्या, गेटवरचा चुना छिन्नीने काढू देऊ नका. ओल्या गोणपाटाने दोन दिवस झाकून ठेवायचा, फुगला की लाकडी पट्टीने पापुद्रे सुटतात, खालचं अक्षर जागेवर राहतं. प्लास्टर मारणारा येण्याआधी करा. सिमेंट चढलं की मग देवही वाचू शकणार नाही.

सोनसाखळी_७
पेव्हर बसवताहेत म्हणून सगळे नाकं मुरडताय, पण पावसात सिमितेरमध्ये मरणाला उभं राहून बघा. गेल्या जुलैत आमच्या आंटीच्या मरणाला काशांव उचलणारे दोघं घसरले. म्हाताऱ्या बायका फुलं घेऊन चिखलातून येतात. इतिहास बरोबर आहे, पण पाय पण मोडतात.

सासष्टीकार
हे पण खरं आहे. फाब्रिकेला (चर्चची पैशांची कमिटी) सांगा की वाटेवर पेव्हर घाला, जुन्या दगडांवर नको. आणि उखडलेला दगड बाहेर फेकायचा नाही, भिंतीला टेकवून उभा करायचा. एवढं ऐकतात, चांगल्या शब्दांत सांगितलं तर. पाद्रविगारकडे (चर्चच्या मुख्य पाद्र्याकडे) जुनी मरणाची वही असेल तीही बघायला मागा. कोणाला कुठे पुरलं ते लिहिलेलं असतं त्यात, चर्चच्या आत की बाहेर.

खाजनकाठ
मंडळी, उशीर झाला, माफ करा. ऑफिस, मग लाईट गेलेली, पण ते बरंच झालं, पूर्ण काळोख मिळाला.

निवांतताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. टूथब्रश, पाणी, मग मोबाईल दगडाला आडवा टेकवून. डावीकडून टॉर्च मारली आणि अक्षरं अशी उठली की आई मागे "अगो बाय" म्हणाली. वरची ओळ: एस, वर चढवलेला छोटा ए, डी-ई. खालची ओळ: ई, डी-ई, एस-ई-व्ही-एस. आणि त्याखाली ई-आर-डी-ई-आय-आर-ओ-एस, शेवटचा एस अर्धा फुटलाय. "आणि त्याच्या वारसांची." वसईवाले, तुम्ही तंतोतंत सांगितलंत.

नाव नाही. म्हणजे होतं, वरच्या ओळीत डी-ई नंतर आणि दुसरी पूर्ण ओळ, तिथे दगड आरशासारखा गुळगुळीत आहे, मध्ये किंचित खोलगट. आईने हात फिरवला आणि म्हणाली, इथेच आपटायची ना तुझी आजी. मग मी तिथे उभा राहून बघितलं, विहिरीकडे तोंड करून, बालदी उजव्या हाताला. हात बरोबर तिथेच पडतो. चाळीस-पन्नास वर्षं आमच्या घरची धोतरं नि चादरी त्या माणसाच्या नावावर आपटल्या, आणि वारस तेवढे राहिले.

दगड आमच्याकडे आला कसा तेही कळलं. चर्चचा जुना सांक्रिस्तांव (चर्चची देखभाल करणारा), नव्वदीला टेकलाय, त्याला विचारलं. त्याच्या लहानपणी चर्चमध्ये आत लादी बदलली, तेव्हा जुने दगड बाहेर काढून ठेवलेले, ज्याला पाहिजे त्याने न्या म्हणाले. काही पायऱ्यांना गेले, एक आमच्या आजोबांनी बैलगाडीत घालून आणला, आजीला कपडे धुवायला. म्हणजे आजोबांना पूर्ण माहिती होतं ते काय आहे! तरी आम्हाला आयुष्यभर खजिन्याचा नकाशा सांगत राहिले. बहुधा आजीला घाबरून. थडग्यावर कपडे धुते म्हणून कळलं असतं तर दगडासकट घराबाहेर काढलं असतं तिने त्यांना.

परशुराम_भूमी, खालची बाजू बघितली नाही अजून, चार माणसं लागतील उलटायला. बघितल्यावर सांगतो, जे असेल ते.

तिसऱ्यांची_आमटी
दगड तुमच्या अंगणात, त्यावर लिहिलंय "आणि त्याच्या वारसांची", मूळ मालकाचं नाव तुमच्या आजीने पुसलेलं. गोव्यात याच्याहून पक्का टायटल कोणाकडे आहे सांगा. लगेच फॉर्म एक आणि चौदावर (आमचा सातबारा) नाव चढवून घ्या.

भुईमूग_शेंगा
आणि तलाठ्याने विचारलं तर म्हणा, ताबा पिढ्यानपिढ्या, कपड्यांचा.

सासष्टीकार
हसून हसून पुरेवाट झाली. पण खाजनकाठ, ते वारस अजून गावात असतील हां. कोणाच्या तरी घरात बोलतात का विचार, आमची जागा आल्तारपाशी होती म्हणून. तशी आठवण लोक सोडत नाहीत, जागा गेली तरी.

वेंगुर्ल्याची_मावशी
दगड आता कुठे ठेवणार?

खाजनकाठ
मावशी, आई म्हणते परत द्यायचा. पाद्रविगारशी बोललो, ते म्हणाले सिमितेरच्या भिंतीला आतून टेकवून ठेवू, पेव्हर फक्त मधल्या वाटेवर घालायचं ठरतंय. येत्या रविवारी मिसानंतर उचलायचा. चार माणसं हवीत, टेम्पो आहे. उलटा करून खालची बाजूही तेव्हाच बघू. आणि चुन्याचा_हात, गेटवर ओलं गोणपाट कालपासून बांधलंय.

चुन्याचा_हात
रोज दोनदा पाणी मारा. सुकू देऊ नका.

परशुराम_भूमी
मी येतो उचलायला. म्हापशाहून अर्धा तास.

सासष्टीकार
मी पण. कॉटनचे मोजे घालून.

खाजनकाठ
अपडेट: गोणपाटाखालून एक पापुद्रा सुटलाय. पहिला आकडा ६ आहे. किंवा ८. वरचा गोल अजून चुन्यात आहे.

तिसऱ्यांची_आमटी
म्हणजे ७२ गेले. तिसऱ्या रविवारी घेऊन येतो, कोणाच्या घरी शिजवायच्या ते ठरवा.